सर रोनाल्ड रॉस आणि दोन जातींचे डास

भाद्रपद लागून भाताची लोंबी बाहेर पडू लागली म्हणजे उल्हास नदीच्या खोऱ्यात तापाचे दिवस येतात. बदलापुरास लागून असलेले बेलवली हे पूर्वीचे खेडे आज नगरपरिषदेच्या हद्दीत आहे. तेथे शेताच्या बांधावरून पाहिले तर पलीकडे इमारतींच्या गच्च्या दिसतात. एका बाजूस ओढे, खाचरे व डबकी, आणि दुसऱ्या बाजूस दाराशी भरून ठेवलेली पिंपे व गच्चीवरील टाक्या. दोन्ही प्रकारचे साचलेले पाणी एकाच वस्तीत. अशा ठिकाणी कोणास ताप भरला, रक्त तपासले आणि हिवतापाचे जंतू सापडले, म्हणजे घरच्यांस थोडे हायसे वाटते. कारण रोगास नाव मिळाले आणि त्यावर औषधही आहे. पण कधी कधी असे होते की औषध वेळेवर पोटात जाऊनही ताप उतरत नाही, हाडे ठणकतात, अंगावर लाल पुरळ उठते, हिरड्यांतून रक्त येऊ लागते. आणि मग औषध खोटे, डॉक्टर खोटा, अशी कुजबूज सुरू होते. खरी गोष्ट अशी असू शकते की त्या एका देहात दोन ताप एकाच वेळी वस्तीस आले आहेत. एक हिवतापाचा, आणि दुसरा डेंग्यू किंवा चिकनगुनिया ह्या विषाणूंचा. दोघांनाही आणणारा डासच. मात्र एकाच जातीचा डास नव्हे.

ज्या गृहस्थाने ह्या दोन्ही जातींचे डास वर्षानुवर्षे आपल्या यंत्राखाली चिरून पाहिले, एकीच्या पोटात जगप्रसिद्ध शोध लावला आणि दुसरीस निरुपयोगी म्हणून बाजूस सारले, त्या सर रोनाल्ड रॉस ह्यांचे चरित्र आज सांगावयाचे योजिले आहे. आजाऱ्याच्या घरी ज्यांस पुष्कळदा डॉक्टरांच्याही आधी बोलावणे येते, त्या आपल्या प्रचारक बंधूंनी ते विशेष लक्ष देऊन वाचावे.

रॉस ह्यांचा जन्म १३ मे १८५७ रोजी हिमालयाच्या पायथ्याच्या मुलखात अलमोडा येथे झाला. वडील हिंदुस्थानच्या सैन्यात अधिकारी होते व पुढे जनरल झाले. आठव्या वर्षी मुलास शिक्षणासाठी विलायतेस पाठविण्यात आले. मुलाचा ओढा काव्य, संगीत, चित्रकला व गणित ह्यांकडे. वडिलांची इच्छा मात्र त्याने वैद्यक शिकावे अशी. वडिलांची इच्छा चालली. १८७४ साली लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात त्यांचे नाव घालण्यात आले. तेथे त्यांचे मन फारसे रमले नाही. तरी परीक्षा देऊन १८८१ साली ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाले आणि मद्रास इलाख्यात येऊन पोहोचले. पहिली कित्येक वर्षे त्यांनी नोकरी केली, कादंबऱ्या व कविता लिहिल्या, आणि गणिताची पुस्तके वाचली. हा मनुष्य पुढे काही मोठे करील असे त्या वेळी त्यांच्याविषयी कोणास वाटले असेल असे दिसत नाही.

त्या दिवसांतील एक लहानशी गोष्ट मात्र सांगण्याजोगी आहे. १८८३ साली ते बंगळूर येथे होते. राहावयास मिळालेल्या बंगल्यात डासांनी उच्छाद मांडला होता, आणि एका खोलीत तर ते इतर खोल्यांहून कितीतरी अधिक. रॉससाहेबांनी बाहेर जाऊन पाहिले तो खिडकीखाली पाण्याने भरलेले पिंप, आणि त्यात अळ्या वळवळत असलेल्या. त्यांनी पिंप उपडे करविले. डास कमी झाले. मोठ्या आनंदाने त्यांनी लष्करी अधिकाऱ्यास सुचविले की सगळ्याच घरांभोवती असे करावे. अधिकाऱ्याने ती सूचना हसण्यावारी नेली. डास कशासाठी तरी निर्माण झाले आहेत, ते सोसणे हेच आपले काम, सृष्टिक्रमात ढवळाढवळ करू नये, असे त्याचे मत पडले. पिंप उपडे करण्याचा तो उपाय आजही डेंग्यूविरुद्धचा मुख्य उपाय आहे. आणि त्या अधिकाऱ्याचे मत आजही कित्येक घरांत नांदताना दिसते.

हिवतापाचा जंतू रक्तात असतो हा शोध लाव्हराँ नावाच्या फ्रेंच लष्करी डॉक्टरांनी १८८० साली अल्जीरियात लावला होता. रॉससाहेबांस तो पटेना. त्यांना स्वतःला तो जंतू दिसत नव्हता. एवढेच नव्हे, तर तो नाहीच असे त्यांनी छापून प्रसिद्ध केले. १८९४ साली रजेवर असता लंडनला पॅट्रिक मॅन्सन ह्या डॉक्टरांनी त्यांस रक्ताची काच यंत्राखाली दाखविली, आणि हट्ट सुटला. आपली चूक कबूल करून त्याच विषयास पुढील आयुष्य वाहून घेणे हे सोपे नाही. रॉससाहेबांच्या स्वभावात पुष्कळ काटे होते, परंतु हे त्यांनी केले.

मॅन्सन ह्यांनी पूर्वी चीनमध्ये असता १८७७ साली दाखवून दिले होते की हत्तीरोगाचे सूक्ष्म कृमी डासाच्या शरीरात वाढतात. त्यावरून हिवतापाचा जंतूही डासात जात असावा असा त्यांचा तर्क होता. पण डासातून तो माणसात परत कसा येतो ह्याविषयी त्यांची समजूत चुकीची होती. डास पाण्यात मरतो, आणि ते पाणी पिणाऱ्यास ताप येतो, असे त्यांना वाटे. १८९५ साली रॉससाहेब हिंदुस्थानात परतले व सिकंदराबादेस रुजू झाले. आपला मराठवाडा ज्या निजामाच्या राज्यात होता, त्याच राज्यातील ही लष्करी छावणी. तेथे त्यांनी हिवतापाच्या रोग्यांवर डास सोडले, ते डास ज्या पाण्यात मेले ते पाणी पैसे देऊन काही माणसांस पाजले, आणि वाट पाहिली. आजच्या दिवशी असा प्रयोग कोणी करू धजणार नाही, आणि गरिबाच्या पोटावर असा प्रयोग झाला हे वाचताना मन अस्वस्थ होते. त्यातून निश्चित असे काहीच निघाले नाही.

आता आपल्या विषयाचा गाभा येतो. रॉससाहेबांस डासांच्या जातींचे शास्त्रीय ज्ञान नव्हते, व त्या विषयावरची पुस्तकेही त्यांच्याजवळ नव्हती. त्यांनी आपल्या सोयीसाठी डासांची तीन नावे पाडली. एक करडे डास. दुसरे अंगावर पांढरे-काळे पट्टे असलेले. आणि तिसरे पंखांवर ठिपके असलेले तपकिरी डास. पहिल्या दोन जाती घराभोवती मुबलक सापडत, म्हणून जवळजवळ दोन वर्षे त्यांनी त्यांचीच चिरफाड केली. डास रोग्यास चावावयाचा, मग एकेक दिवस थांबून त्यास चिरावयाचे, आणि पोटातील एकूणएक पेशी पाहावयाची. शेकडो डास झाले. पट्टेवाल्यांत काही मिळाले नाही. करड्यांतही काही मिळाले नाही. मध्येच सरकारने त्यांस पटकीच्या बंदोबस्तासाठी बंगळुरास पाठविले, तेव्हा बराच काळ हे काम पडूनच राहिले.

ज्यास त्यांनी पट्टेवाला म्हटले, तो आज आपण एडिस म्हणून ओळखतो तो डास. हिवतापाच्या बाबतीत तो निर्दोष आहे, हा रॉससाहेबांचा निकाल अगदी खरा होता. परंतु १९०१ सालापर्यंत क्यूबा बेटात अमेरिकन डॉक्टरांनी सिद्ध केले की पीतज्वर हाच डास नेतो. १९०६ साली ऑस्ट्रेलियातून डेंग्यूविषयी तसाच पुरावा पुढे आला. आणि पुढे चिकनगुनिया व झिका हेही त्याच्याच खाती जमा झाले. हे ताप विषाणूंचे आहेत, आणि विषाणू इतका बारीक की रॉससाहेबांच्या पितळी यंत्रातून तो जन्मभर पाहिला असता तरी दिसला नसता. डेंग्यूचा विषाणू वेगळा काढता आला तो १९४३ साली, जपानात. म्हणजे रॉससाहेबांच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी. ज्याचे पोट रिकामे म्हणून त्यांनी टाकून दिले, त्या डासावरचा आरोप वेगळाच होता.

आपल्या दवाखान्यातील रक्ताची काच आजही तेवढेच सांगते, जेवढे रॉससाहेबांच्या काचेने सांगितले. ती हिवतापाचा जंतू आहे किंवा नाही हे सांगते. डेंग्यू आहे की नाही ह्याविषयी ती मुकी आहे. त्यासाठी निराळी परीक्षा करावी लागते, आणि तीही तापाचा कितवा दिवस आहे हे पाहून. पहिल्या पाचएक दिवसांत एक, त्यानंतर दुसरी. म्हणून एका परीक्षेत एक रोग सापडला, एवढ्यावरून दुसरा नाही असे म्हणता येत नाही. एकाच रोग्यात हिवताप व डेंग्यू एकदम असल्याचे उदाहरण वैद्यकीय नियतकालिकात २००५ साली प्रसिद्ध झाले. तो रोगी पश्चिम आफ्रिकेतून फ्रान्सला परतलेला प्रवासी होता. त्यानंतर हिंदुस्थानातील व मुंबईतील डॉक्टरांनीही असे रोगी नोंदले आहेत. दोन विषाणू एकत्र आल्याचेही उदाहरण आपल्या घराजवळ आहे. जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर गावी तापाची साथ आली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने रक्त तपासले तेव्हा अनेकांत चिकनगुनिया व काहींत डेंग्यू निघाला. आणि एकाच्या रक्तात महाराष्ट्रातील पहिला झिका सापडला. त्याच रोग्यास चिकनगुनियाही झालेला होता.

असे का होते ते बेलवलीसारख्या ठिकाणी उभे राहिले म्हणजे उमगते. हिवतापाचा ॲनॉफिलीस डास ओढ्यात, खड्ड्यात, शेतातील पाण्यात वाढतो. त्याचीच एक शहरी जात विहिरीत व गच्चीवरील टाकीत वाढते. एडिस मात्र माणसाच्या घराचाच सोबती. रांजण, पिंप, फुटका डबा, टाकलेला टायर, नारळाची करवंटी, एवढे त्यास पुरते. आणि त्याची अंडी कोरड्या भांड्याच्या कडेस चिकटून कित्येक महिने टिकतात, पाणी पडताच जागी होतात. एक रात्री चावतो, दुसरा दिवसा. नव्या इमारतीच्या एकाच उघड्या टाकीत दोघांच्याही अळ्या सापडू शकतात. मग रात्रीचे मच्छरदाणीत निजणाऱ्यासही दिवसा ओसरीवर बसल्या जागी डेंग्यू गाठतो. आणि जो मच्छरदाणी वापरत नाही त्यास दोन्ही.

रॉससाहेबांकडे वळू. १८९७ च्या उन्हाळ्यात ते रजा घेऊन निलगिरीवर गेले. शिगूरच्या घाटात हिवताप फार, म्हणून शोधासाठी मुद्दाम तेथे उतरले, आणि मच्छरदाणीत निजूनही स्वतःच तापाने पडले. बरे झाल्यावर पुन्हा सिकंदराबादेस आले. ऑगस्टचा महिना, उकाडा असह्य. पंखा ओढविला तर वाऱ्याने डासाचे चिरलेले तुकडे उडून जात, म्हणून पंखा बंद. घाम गळून सूक्ष्मदर्शक यंत्राचे स्क्रू गंजले होते, आणि उरलेली एकच भिंग-नळी, तिलाही तडा गेलेला. ऑगस्टच्या मध्यास त्यांच्या माणसाने एका बाटलीत अळ्या आणून दिल्या. त्यांतून डास निघाले ते निराळेच. पंखांवर ठिपके असलेले. हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रोग्यास मच्छरदाणीत निजवून ते डास त्याच्यावर सोडण्यात आले, आणि चावलेल्या एकेका डासामागे त्यास एक आणा देण्यात आला. काही डास आपोआप मेले, काही चिरण्यात वाया गेले. २० ऑगस्ट रोजी थोडेच उरले होते. त्यांतील एकाच्या जठराच्या भिंतीत रॉससाहेबांस गोल पेशी दिसल्या, आणि त्या पेशींत हिवतापाच्या जंतूत असतात तसे काळे कण. दुसऱ्या दिवशी शेवटचा डास चिरला. त्यात त्याच पेशी मोठ्या झालेल्या. म्हणजे जंतू तेथे नुसता पडलेला नव्हता, वाढत होता. त्या रात्री त्यांनी देवाचे आभार मानणारी कविता लिहिली, असे त्यांच्या चरित्रात सांगतात.

आता काम भराभर पुढे जावे, तो सप्टेंबरात बदलीचा हुकूम आला. राजपुतान्यात उदेपूरच्या बाजूस खेरवाडा. तेथे हिवतापाचे रोगीच जवळजवळ नाहीत. रॉससाहेब फार चिडले, आणि ते योग्यच होते. पुष्कळ खटपटीनंतर १८९८ च्या आरंभी त्यांस कलकत्त्यास प्रयोगशाळा मिळाली. परंतु शहरात प्लेगचा गवगवा झालेला. सरकारी डॉक्टर रक्त मागतो म्हटल्यावर लोक बोट पुढे करीनात. तेव्हा त्यांनी माणसे सोडून पक्षी धरले. चिमण्यांस होणारा हिवताप त्यांनी अभ्यासास घेतला, आणि ह्या वेळी कामास आला तो करडा डास. ज्यास त्यांनी सिकंदराबादेस निरुपयोगी ठरविले होते तोच. माणसाचा हिवताप तो नेत नाही, चिमणीचा मात्र नेतो. जुलै १८९८ मध्ये महंमद बक्ष ह्या त्यांच्या साहाय्यकासह काम करीत असता त्यांस डासाच्या लाळेच्या ग्रंथीत जंतू सापडले, आणि असे डास निरोगी चिमण्यांस चावविल्यावर त्या आजारी पडल्या. पाणी पिण्याचा सिद्धांत तेथे संपला. ताप चाव्यातून येतो. त्याच महिन्यात एडिंबरो येथील डॉक्टरांच्या सभेत मॅन्सन ह्यांनी ही बातमी जाहीर केली. माणसाच्या हिवतापाचा संपूर्ण फेरा ॲनॉफिलीस डासात होतो हे त्याच वर्षी इटलीत ग्रासी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. आणि पहिला मान कोणाचा ह्यावरून जो वाद पेटला तो रॉससाहेबांनी आयुष्यभर विझू दिला नाही. ज्या मॅन्सन ह्यांनी त्यांस वाटेवर आणले त्यांच्याशीही पुढे त्यांचे बिनसले. हे त्यांच्या चरित्रातील शोभादायक पान नव्हे.

१८९९ साली त्यांनी हिंदुस्थान सोडले व लिव्हरपूल येथे उष्ण देशांतील रोगांच्या नव्या शाळेत शिकवू लागले. १९०२ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले, १९११ साली सर हा किताब मिळाला. पण आपणांस अधिक उपयोगी आहे ते त्यांचे पुढील काम. १९०२ साली सुएझ कालव्याच्या कंपनीने त्यांस इस्माइलिया गावी बोलाविले. तेथे कोयनेल वाटणे हाच एक उपाय चालू होता. त्यांनी डबकी बुजवावयास, पाण्याचे पाट वाहते ठेवावयास व टाक्या सांभाळावयास सांगितले. थोड्याच वर्षांत त्या गावातला हिवताप जवळजवळ नाहीसा झाला. पुढे मॉरिशस बेटासाठी काम करताना त्यांनी लहानपणचे आवडते गणित बाहेर काढले आणि दाखवून दिले की साथ थांबण्यासाठी एकूणएक डास मारावा लागत नाही. डासांची संख्या एका मर्यादेखाली उतरविली की एका रोग्यापासून दुसरा रोगी होणे आपोआप तुटते. त्यांचे हे गणित नंतरच्या शास्त्रज्ञांनी पुष्कळ वाढविले, आणि साथीच्या रोगांच्या अभ्यासात ते आजही चालते.

प्रचारक बंधूंसाठी येथे थोडे थांबतो. पावसाळ्यानंतर ताप आला की रक्ताची परीक्षा पहिल्याच दिवशी व्हावी, आणि ती हिवताप व डेंग्यू दोहोंसाठी मागावी. डेंग्यू निघाला म्हणून हिवतापाची परीक्षा सोडणे अधिक धोक्याचे. कारण डेंग्यूवर खास औषध नाही, हिवतापावर आहे, आणि त्याचा घातक प्रकार उपचाराविना थोड्या दिवसांत मेंदूपर्यंत जातो. उलट हिवतापाचे औषध सुरू होऊन दोन-तीन दिवसांत ताप हटला नाही, तर रोग्यास पुन्हा डॉक्टरकडे न्यावे; औषधास बोल लावून ते बंद करू नये, दिलेला क्रम पुरा करावा. दोन्ही रोगांत रक्तातील प्लेटलेट नावाच्या पेशी घटतात, त्यामुळे नुसत्या त्या आकड्यावरून कोणता रोग हे ठरत नाही. अंगदुखीसाठी दुकानातून ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन आणून देऊ नये; डेंग्यूत त्याने रक्तस्राव वाढतो. पोटात जोराची कळ, सारख्या उलट्या, रक्त येणे, हातपाय गार पडणे, गुंगी, ह्यांपैकी काहीही दिसल्यास रात्र आहे म्हणून सकाळची वाट पाहू नये. आणि डेंग्यूचा ताप उतरल्यानंतरचे एकदोन दिवस हेच सर्वांत जपण्याचे असतात. घरातील पिंपे आठवड्यातून एकदा रिकामी करून, कडा घासून, वाळवावी. अळीचा डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागतात. तेवढ्यात हे झाले पाहिजे.

रॉससाहेबांचे उत्तरायुष्य दुःखाचेच होते. १९१४ च्या महायुद्धाच्या पहिल्याच महिन्यात त्यांचा वडील मुलगा फ्रान्समध्ये मारला गेला. आपल्या शोधाने सरकारांचे लक्षावधी रुपये वाचले आणि आपल्या हाती मात्र काही आले नाही, ही तक्रार त्यांनी अनेकदा केली. १९२६ साली लंडनला त्यांच्या नावाची संस्था निघाली. जानेवारी १९२७ मध्ये ते पुन्हा कलकत्त्यास आले. ज्या रुग्णालयाच्या आवारात त्यांनी चिमण्यांवर काम केले होते, तेथे त्यांच्या स्मरणार्थ बांधलेल्या दरवाज्याचे उद्घाटन त्यांच्या देखत झाले. १९३१ साली त्यांच्या पत्नी वारल्या. पुढच्याच वर्षी, १६ सप्टेंबर १९३२ रोजी, आपल्याच नावाच्या त्या संस्थेत त्यांनी देह ठेवला, आणि पटनी येथील दफनभूमीत पत्नीच्या शेजारी त्यांस मूठमाती देण्यात आली.